मॉलमधला गाळा: भाड्याचं गणित आणि रिकाम्या मजल्यांमागचं कारण

नाशिकला मेन रोड, शालिमार किंवा महात्मा गांधी रोडवर गाळा बघायला गेलात तर दलाल महिन्याचं भाडं एकरकमी सांगतो. मॉलमध्ये दर सांगतात तो चौरस फुटाचा, आणि ऐकायला तो स्वस्त वाटतो. 'फक्त सत्तर रुपये फूट, एसी आहे, पार्किंग आहे, वर थिएटर आहे.' तो फूट नेमका कोणता, सत्तर रुपयांत काय येतं आणि काय येत नाही, वरचं थिएटर निघून गेलं तर काय, हे प्रश्न बहुतेक वेळा टोकन दिल्यावर सुचतात. नाशिकसारख्या शहरात एखादा मॉल भरभरून चालतो आणि दुसऱ्याचा पहिला मजला दुपारी चार वाजता अंधारात असतो. या फरकाची उत्तरं याच प्रश्नांत आहेत.

पुढचे भाड्याचे आणि खर्चाचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या करारातले आकडे घालून पाहा.

सहाशे फुटांचे पैसे, तीनशे तीस फुटांची जागा

कार्पेट म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. सुपर बिल्टअप म्हणजे त्यात सगळ्यांच्या सामायिक जागेचा तुमच्या वाट्याला आलेला भाग मिळवून निघणारा आकडा. दोन्हींतल्या फरकाला बाजारात लोडिंग म्हणतात. निवासी इमारतीत ते तीस-पस्तीस टक्के असलं तरी लोक कुरकुरतात. मॉलमध्ये सत्तर-ऐंशी टक्के लोडिंग नेहमीचं आहे, आणि त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. रुंद पॅसेज, मधला उघडा चौक म्हणजे ॲट्रियम, सरकत्या जिन्यांच्या जागा, स्वच्छतागृहं, आगीच्या वेळचे जिने, एसीच्या यंत्रांच्या खोल्या, माल आणायचा मागचा बोळ, हे सगळं कुणाच्या तरी फुटांत मोजावंच लागतं.

म्हणून ६०० फूट सांगितलेला गाळा टेप लावल्यावर ३३० फूट भरतो. आता हिशोब करू. ७० रुपये दराने भाडं ४२,००० रुपये. त्यावर कॅम, म्हणजे सामायिक देखभालीचा आकार, १८ रुपये फूट धरला तर १०,८०० रुपये. दोन्ही मिळून ५२,८००. ही रक्कम ३३० ने भागली की दर निघतो १६० रुपये फूट. कॉलेज रोडवरच्या रस्त्यालगतच्या गाळ्याशी तुलना करायची तर या १६० शी करा. सत्तरचा आकडा विसरून जा.

रेरा कायद्यात (२०१६) कार्पेटची व्याख्या दिलेली आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, गच्ची वगळून उरलेली जागा, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरायच्या. बिल्डर गाळा विकत असेल तर त्याला कार्पेटवरच बोलावं लागतं. भाड्याच्या बोलणीत अजून सर्रास सुपर बिल्टअप चालतं. त्यामुळे करारात दोन्ही आकडे लिहून घ्या आणि ताबा घेताना संयुक्त मोजणी करा. गाळ्याच्या मधोमध खांब आला असेल तर तो मोजणीत धरला आहे का, हे त्याच वेळी विचारा. दोन फुटांचा खांब जेवढी फरशी खातो, त्याहून जास्त नजर खातो.

भाडं आणि कॅम दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. आपल्या उदाहरणात ९,५०४ रुपये. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर ही रक्कम तुमच्या करातून वळती होते. कंपोझिशन स्कीममधला, म्हणजे उलाढालीवर ठरीव कमी दराने कर भरणारा, दुकानदार आणि ५ टक्के दराने बिल करणारा खाण्याचा काउंटर यांना ही वजावट मिळत नाही, त्यांच्यासाठी ते ९,५०४ रुपये सरळ खर्च आहेत. फूड कोर्टमधल्या काउंटरचं गणित पहिल्याच वर्षात फिसकटतं, तेव्हा बऱ्याचदा हीच ओळ हिशोबात धरायची राहिलेली असते. मालकाकडे जीएसटी नोंदणी नसली तरी सुटका नाही: ऑक्टोबर २०२४ पासून अशा मालकाला व्यापारी जागेचं भाडं देणाऱ्या नोंदणीकृत भाडेकरूला हा कर स्वतःच भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना यातून जानेवारी २०२५ मध्ये वगळलं.

दिवसाला किती बिलं फाडावी लागतील

तयार कपड्यांचं दुकान धरू. भाडं आणि कॅम ५२,८००, वीज १२,०००, दोन नोकरांचे पगार २६,०००. एकूण ९०,८०० रुपये. कपड्यावर ३५ टक्के सुटतात असं म्हणतात, पण सिझन संपल्यावरचा सेल, उरलेले साइज आणि बदलून दिलेला माल धरला की हातात २५ टक्के राहतात. मग नुसता खर्च निघायला महिन्याला ३,६३,२०० रुपयांची विक्री हवी, म्हणजे रोज सुमारे १२,१००. सरासरी बिल १,२०० रुपयांचं असेल तर रोज दहा बिलं. मालकाचा पगार आणि फर्निचरसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज यात अजून आलेलंच नाही.

आत येणाऱ्या आठांपैकी एक जण खरेदी करतो आणि समोरून जाणाऱ्या शंभरांपैकी पाच जण आत येतात असं धरलं, तर दहा बिलांसाठी दुकानासमोरून रोज १,६०० माणसं जायला हवीत. आठवड्याचा निम्मा धंदा शनिवार-रविवारी होतो असं मानून हे वाटलं तर बाकीच्या दिवशी रोज १,१२० आणि सुट्टीच्या दिवशी २,८००. मॉल सकाळी ११ ते रात्री साडेनऊ उघडा असतो, म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे ४२ तुकडे. यातून ताडून पाहायचा आकडा मिळतो: मंगळवार-बुधवारी सरासरी १५ मिनिटांत २७ माणसं आणि रविवारी ६७.

मॉलचा मार्केटिंगवाला 'महिन्याला इतके लाख फूटफॉल' सांगेल. तो मुख्य दाराचा आकडा असतो. त्यात मॉलमधले नोकर, डिलिव्हरीची मुलं, एसीला बसायला आलेली कॉलेजची पोरं आणि चहा प्यायला बाहेर जाऊन पुन्हा आत आलेले सगळे मोजले जातात. तुमच्या गाळ्यासमोर उभं राहून स्वतः मोजा. मंगळवारी दुपारी चारला, त्याच दिवशी संध्याकाळी सातला, शनिवारी सातला आणि रविवारी आठला, प्रत्येकी पंधरा मिनिटं. माणसांबरोबर हातातल्या पिशव्याही मोजा. दहात एकाच्याही हातात पिशवी नसेल तर तो मॉल फिरायला येण्याचा आहे, घ्यायला येण्याचा नाही. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा सुरुवातीला बघ्यांची इतकी झुंबड उडाली की आत यायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेश फी भरा, असा नियम करावा लागला होता. गर्दी आणि गिऱ्हाईक यांतला फरक तेव्हाच लक्षात आला होता.

कुठला धंदा मॉलमध्ये बसतो, हेही याच गणितातून कळतं. कपडे, चपला-बूट, सौंदर्यप्रसाधनं, खाणं यांत नफ्याचं प्रमाण एवढं असतं की विक्रीच्या बारा-पंधरा टक्के जागेपायी गेले तरी तग धरता येतो. मोबाइल विकणाऱ्याला मुळात सुटतात तेच चार-पाच टक्के, म्हणून तो महात्मा गांधी रोडवरच्या लहानशा गाळ्यात सुखी असतो. सराफ बाजारातल्या पिढीजात पेढीची गोष्ट वेगळी. तिथलं गिऱ्हाईक पेढीचं नाव धरून येतं, त्याला समोरून जाणाऱ्या गर्दीशी देणंघेणं नसतं. आणि पातेलं घ्यायला भांडी बाजारात जाणारी बाई सरकत्या जिन्याने वर चढून पातेलं बघेल, यावर पैसे लावू नयेत.

माणसं वर का चढतात

बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा साचा व्हिक्टर ग्रुएन या वास्तुकाराने अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या साउथडेल सेंटरसाठी १९५६ मध्ये बसवला. तिथल्या थंडीत लोकांना आत फिरता यावं, ही गरज होती. नाशिकला तशी गरज नाही. एप्रिल-मे सोडला तर इथली संध्याकाळ बाहेर फिरायचीच असते आणि कॉलेज रोड, गंगापूर रोडवर ती फुकट मिळते. म्हणून इथल्या मॉलला नुसत्या एसीवर माणूस खेचता येत नाही, काहीतरी कारण द्यावं लागतं. ते कारण म्हणजे अँकर: मोठं सुपरमार्केट, कपड्यांचं मोठं दालन किंवा मल्टिप्लेक्स.

अँकर पुष्कळ जागा घेतो आणि फुटामागे लहान गाळ्याच्या निम्म्याहूनही कमी भाडं देतो. लहान दुकानदाराला हे खुपतं, पण व्यवहार असा आहे की अँकरने माणूस आणायचा आणि त्या माणसाच्या वाटेवर बसलेल्याने त्यासाठी जास्त भाडं भरायचं. म्हणून वाट कुठून जाते ते महत्त्वाचं. सुपरमार्केट तळघरात किंवा तळमजल्याच्या एका टोकाला, मोठं दालन दुसऱ्या टोकाला, मल्टिप्लेक्स आणि फूड कोर्ट सर्वांत वर. थिएटरकडे जाणाऱ्याला प्रत्येक मजल्यावर थोडं चालून पुढचा सरकता जिना पकडावा लागावा, अशी जिन्यांची मांडणी करतात. लिफ्टने थेट वर गेलेला प्रेक्षक मधल्या मजल्यांना काही देत नाही. तेव्हा गाळा बघताना पार्किंगमधून निघून लिफ्टने थिएटरपर्यंत जा आणि मग सरकत्या जिन्याने जा. दोन्ही वाटांत तुमचा गाळा कितीदा दिसतो ते पाहा. जिन्यावरून उतरल्यावर समोर येणारा गाळा सोन्याचा. जिन्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यातला गाळा तीस टक्के स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

सरकता जिना बंद पडला की वरचा मजला पडतो, हे मॉल चालवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. साध्या जिन्याची पायरी सहा इंचांची असते, सरकत्या जिन्याची आठ इंचांच्या आसपास. त्यामुळे बंद सरकता जिना चढताना माणूस धापा टाकतो आणि बरोबरची आजी खालीच थांबते. खर्च कमी करायला निघालेला व्यवस्थापक आधी उतरायचा जिना बंद करतो, मग दुपारी एसी कमी करतो, मग वरच्या मजल्याचे निम्मे दिवे. या क्रमातलं काहीही दिसलं तर त्या मॉलचे पैसे कमी पडू लागलेत असं खुशाल समजा.

एक मालक की दीडशे मालक

मॉल चालणार की बसणार, हे बऱ्याच अंशी पायाभरणीच्या वेळीच ठरतं. गाळे विकायचे की भाड्याने द्यायचे?

सगळी इमारत एकाच मालकाकडे राहिली, तर कोणाला कुठे बसवायचं ते तो ठरवतो. चार चपलांची दुकानं एकाच ओळीत येऊ देत नाही, न चालणारं दुकान हलवतो, अँकरला भाड्यात सूट देऊन टिकवतो आणि तो तोटा बाकीच्या गाळ्यांतून भरून काढतो. यासाठी पैसा अनेक वर्षं अडकवून ठेवावा लागतो. सदनिका बांधून तीन-चार वर्षांत मोकळं होण्याची सवय असलेल्या बिल्डरला ते झेपत नाही. तो गाळे सुटे विकतो. डॉक्टर, द्राक्ष बागायतदार, निवृत्त अधिकारी असे दीडशे जण गुंतवणूक म्हणून एकेक गाळा घेतात. प्रत्येकाला भाडं हवं असतं आणि मॉलचं काय होतं याची जबाबदारी कुणावरच नसते. मग चपलांच्या दुकानाशेजारी झेरॉक्स, त्याच्याशेजारी कर्ज देणारं ऑफिस, पुढे दोन शटर बंद. अँकरला सलग पंधरा हजार फूट जागा हवी असते, तीही जमत नाही, कारण मधले तीन मालक परदेशात आणि चौथ्याच्या घरात वाटणीचा वाद.

त्यानंतर कॅमचं चक्र सुरू होतं. समजा मॉलचे विकलेले एकूण एक लाख फूट आहेत आणि सुरक्षा, सफाई, लिफ्ट, जिने, सामायिक वीज, एसी मिळून महिन्याचा खर्च १८ लाख. वाटा आला १८ रुपये फूट. मालक बाहेरगावी, गाळा रिकामा, 'वापरतच नाही तर भरू कशाला' म्हणत तीस टक्के जागेचा कॅम थकला. खर्च तेवढाच राहतो, कारण चौकीदार आणि जिना गाळे मोजून चालत नाहीत. उरलेल्या ७० हजार फुटांवर दर जातो २५ रुपये ७० पैशांवर. आपल्या ६०० फुटांच्या गाळ्याला महिन्याला सुमारे ४,६०० रुपये जास्त. त्या वाढीला कंटाळून आणखी दहा जण सोडतात आणि दर पुन्हा चढतो. असोसिएशन मग दर चढवण्याऐवजी एसी आणि जिने बंद करते, त्यातून गिऱ्हाईक तुटतं. शेवटी वरचे मजले क्लासेस आणि ऑफिसांना जातात. त्यात वाईट काही नाही, पण तिथे कपड्याचं दुकान चालत नाही.

सुट्या विकलेल्या मॉलमध्ये गाळा घ्यायचाच असेल तर असोसिएशनकडून तीन गोष्टी लेखी मागा: गेल्या बारा महिन्यांचा कॅमचा जमाखर्च, थकबाकीदार गाळ्यांची यादी आणि राखीव निधीतली शिल्लक. चिलर (एसीचं पाणी गार करणारं यंत्र) किंवा सरकते जिने बदलायची वेळ आली की खर्च लाखांत जातो आणि निधी नसेल तर तो त्या वर्षीच्या दुकानदारांवर येतो. ॲट्रियममधले स्टॉल, भिंतीवरच्या जाहिराती आणि पार्किंगची पावती, हे उत्पन्न कोण घेतं तेही विचारा. ते कॅममध्ये जमा होत असेल तर तुमचा दर उतरतो. बिल्डरने ते स्वतःकडे ठेवलं असेल, तर तुम्ही सांभाळलेल्या जागेचं भाडं तो खातो आहे.

गुंतवणूकदाराला दाखवली जाणारी 'खात्रीची बारा टक्के भाडेप्राप्ती' बहुतेक वेळा विक्रीच्या किमतीतच मिळवलेली असते. पहिली दोन-तीन वर्षं तुमचेच पैसे हप्त्याने परत येतात, मुदत संपल्यावर खरं भाडं कळतं. त्याहून जपायचं ते भिंतच नसलेल्या गाळ्याला. मोठ्या दालनातला, नकाशावर रेघ मारून विकलेला तुकडा घेतलात, तर त्याला शटर नाही, स्वतंत्र मीटर नाही आणि दालन रिकामं झालं तर एकट्याला तो भाड्याने देता येत नाही. बँकाही अशा जागेवर कर्ज द्यायला कचरतात.

अँकर निघून जातो म्हणजे काय होतं, हे २०२२ मध्ये देशभर दिसलं. फ्यूचर ग्रुप बुडाला, त्याची बिग बझारची दालनं भाडं थकल्याने रिलायन्सने ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि काही काळ दारं बंद राहिली. त्या दालनांच्या वाटेवर बसलेल्यांचं भाडं मात्र चालूच होतं. ज्यांच्या करारात 'अँकर बंद राहिला तर भाडं निम्मं' असं कलम होतं, त्यांनाच दाद मागायला जागा होती. अशी कलमं लहान दुकानदार मागत नाही, कारण ती मागता येतात हेच त्याला ठाऊक नसतं.

फर्निचर लावण्याआधी इमारतीला विचारायचं

छतातले स्प्रिंकलर आधी बघा. त्यातली लाल काचनळी ६८ अंश सेल्सियसला फुटते आणि पाणी सुटतं. फॉल्स सीलिंग केलं की स्प्रिंकलरचं तोंड त्याच्या खाली आणावं लागतं, नाहीतर आग खाली आणि पाणी वर अडतं. एक स्प्रिंकलर साधारण १२ चौरस मीटर जागा सांभाळतो, म्हणजे ३३० फुटांना निदान तीन, आणि मध्ये ट्रायल रूम काढली तर तिच्यासाठी वेगळा. कपाटावर रचलेला माल स्प्रिंकलरच्या अर्धा मीटर खालीच थांबायला हवा. नेमकी हीच जागा दिवाळीच्या स्टॉकने भरते. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ही यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. मागच्या दोन प्रमाणपत्रांच्या प्रती मागितल्या की मॉलची शिस्त कळते. विमा कंपनीही दावा आल्यावर हेच आधी मागते.

फरशीचा भार दुसरा. किरकोळ दुकानासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भार धरून स्लॅब काढतात. कपड्यांना तो पुरून उरतो. पण दागिन्यांची एक टनाची तिजोरी एका चौरस मीटरवर उभी केली तर अडीचपट होतो. तांब्यापितळेची भांडी, टाइल्स, पुस्तकांचे गठ्ठे यांचंही तसंच. तिजोरी बीमवर किंवा खांबाला लागून ठेवायची, आणि जागा मॉलच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशावर सही करून दिलेली हवी. पोटमाळा काढायचा विचार असेल तर मंजूर नकाशात तो आहे का ते आधी पाहा. नसेल तर ते अनधिकृत बांधकाम होतं.

एसी मॉलचा असेल तर थंड पाण्याची किंवा हवेची जोडणी गाळ्यापर्यंत आणून देतात, आतली यंत्रणा तुमची. जनरेटरची वीज वेगळ्या मीटरवर मोजली जाते का आणि कुठल्या दराने, हे करारात लिहून घ्या. डिझेलचं युनिट महावितरणच्या युनिटच्या दुप्पट किंवा त्याहून महाग पडतं. पावसाळ्यात तळघरातल्या गोदामात माल जमिनीला टेकवू नका, फळीवर ठेवा. पाणी उपसायचे पंप जनरेटरवर जोडलेले आहेत का, ते दाखवायला सांगा. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर येवो न येवो, तासाभराच्या जोरदार सरीनेही पार्किंगचा उतार वाहू लागतो.

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. मॉलवाले पाटीचा आकार आणि जागा ठरवून देतात. तेवढ्यात इंग्रजी लोगो आणि तेवढीच मोठी मराठी अक्षरं बसतात का, ते पाटी बनवायला टाकण्याआधी कागदावर काढून बघा.

पार्किंगबद्दल फार लिहायची गरज नाही. एक गाडी उभी करायला, येण्याजाण्याच्या वाटेसह, साधारण ३०० फूट जागा लागते. लवाटे नगरचं सिटी सेंटर मॉल किंवा त्र्यंबक नाक्याकडचा भाग अशा ठिकाणी एवढी जागा मिळाली, जुन्या गावठाणात ती मिळणं शक्यच नाही. नाशिकचं निम्मं गिऱ्हाईक दुचाकीवर येतं, तेव्हा दुचाकीची जागा दारापासून किती लांब आहे ते पाहा. शिवाय सिंहस्थाची गर्दी मॉलला येईल या भरवशावर जास्त भाडं कबूल करू नका. २०१५ च्या पर्वण्यांना बाहेरच्या वाहनतळांवर गाड्या थांबवून भाविकांना रामकुंडाकडे चालवत नेलं होतं. २०२७ लाही शहरात वाहन आणण्यावर तशीच बंधनं असणार हे धरून चाला, आणि त्या दिवसांचा माल आधीच दुकानात आणून ठेवा.

करारात काय लिहायचं

भाडं तीन पद्धतींनी ठरतं. ठरीव भाडं, विक्रीतला वाटा, किंवा 'किमान भाडं अथवा विक्रीचे अमुक टक्के, यांपैकी जास्त असेल ते'. तिसरी पद्धत मॉलमध्ये सर्वांत जास्त चालते. किमान ४२,००० आणि वाटा १२ टक्के असेल तर ३,५०,००० च्या विक्रीपर्यंत किमान भाडं, त्यापुढे वाटा. पाच लाख विकलेत तर ६०,०००. विक्री म्हणजे जीएसटी वगळून, परत आलेला माल वजा करून, असं स्पष्ट लिहा. ऑनलाइन आलेली आणि दुकानातून नुसती पाठवलेली ऑर्डर विक्रीत धरायची की नाही, यावर हल्ली सर्वांत जास्त वाद होतात.

दरवर्षी ५ टक्के वाढ आणि तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, या दोन्ही सारख्याच वाटतात. ४२,००० च्या भाड्यावर पहिल्या पद्धतीने पहिल्या तीन वर्षांतच ७६,८६० रुपये जास्त जातात. तीन वर्षांनी १५ टक्के मागा.

लॉक-इन म्हणजे ज्या काळात सोडता येत नाही तो काळ. तो दोन्ही बाजूंना सारखा असावा, किंवा तुमचा लहान आणि मालकाचा मोठा. छापील मसुद्यात नेमकं उलटं असतं. भाडं ताबा दिल्यापासून सुरू होत नाही, फर्निचरसाठी पंचेचाळीस ते साठ दिवस मोकळे घेता येतात. नवा मॉल असेल तर निम्मी दुकानं उघडून अँकर चालू झाल्यावरच पूर्ण भाडं, ही अट घाला. कॅम वर्षाला अमुक टक्क्यांपेक्षा वाढणार नाही आणि हिशोब बघायचा हक्क राहील, हेही.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. त्यात परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते मिळवतात. ४२,००० भाडं, ३६ महिने, २,५२,००० डिपॉझिट, तर भाडं १५,१२,००० अधिक धरलेलं व्याज ७५,६००. त्यावर शुल्क ३,९६९ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एवढ्या किरकोळ खर्चासाठी नुसत्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवणारे लोक आहेत, आणि डिपॉझिट अडकलं की त्यांनाच वकील शोधावा लागतो.

गाळा सोडतानाची कलमंही पहिल्याच दिवशी ठरवायची असतात. फर्निचर काढून जागा मूळ स्थितीत द्यायची की आहे तशी, मूळ स्थिती दाखवणारे तारीखवार फोटो कराराला जोडलेले असावेत. डिपॉझिट ताबा देतानाच मिळेल की साठ दिवसांनी, आणि उशीर झाला तर व्याज किती. कॅमचं वर्षअखेरचं जास्तीचं बिल तुम्ही गेल्यावर येतं, त्यासाठी डिपॉझिटमधून किती रक्कम रोखता येईल याची मर्यादा लिहा. महावितरणचं मीटर तुमच्या नावावर असेल तर शेवटचं रीडिंग मॉलच्या इलेक्ट्रिशियनच्या सहीने घ्या आणि जीएसटी नोंदणीतून तो पत्ता काढून टाका, नाहीतर पुढच्या भाडेकरूच्या कागदपत्रांत तुमचं दुकान चालूच राहतं.